विन्स्टन-लुट्झ फेल आली म्हणून बीम हलवायचा का?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. लिनॅकच्या (कॅन्सरवर रेडिएशन देणाऱ्या मशीनच्या) फील्ड लाइटचा, म्हणजे रेडिएशन कुठे पडेल ते प्रकाशाने दाखवणाऱ्या दिव्याचा, बल्ब गेला, इंजिनीअरने नवा बसवला. पुढच्या मंथली क्यूएमध्ये (महिन्याच्या गुणवत्ता तपासणीत) लाइट फील्ड आणि रेडिएशन फील्ड यांच्यात एका कडेला दोन मिलिमीटरच्या आसपास फरक दिसला. शंका आली म्हणून तुम्ही विन्स्टन-लुट्झ टेस्ट घेतली (यात एका छोट्या बॉलवर बीम सोडून फील्डचा मध्य बॉलच्या मध्यावर पडतो का ते बघतात): बॉल खोलीतल्या लेसरवर लावला, कोलिमेटर (फील्डला आकार देणारा भाग) ०, काउच (पेशंटचं टेबल) ०, गॅन्ट्रीचे (पेशंटभोवती फिरणाऱ्या बाहूचे) चार कोन, ६ एमव्हीचा बीम. सॉफ्टवेअर म्हणालं, कमाल विचलन १.४ मिमी, फेल. क्रॉसहेअर (फील्ड लाइटमध्ये दिसणारी फुलीची सावली) मात्र लेसरवर बरोबर बसतोय. इंजिनीअर बीम स्टीअर करून, म्हणजे इलेक्ट्रॉनची वाट कॉइल्सने सरकवून, द्यायला तयार आहे. त्याला करू द्यावं का, आणि तोपर्यंत पेशंट थांबवावेत का, असं तुम्ही विचारलंय.

स्टीअरिंग आज तरी करू देऊ नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांत बीम चुकल्याचा पुरावा मला दिसत नाही. दिसतो तो लेसर चुकल्याचा. शिवाय लाइट फील्डचा फरक आणि विन्स्टन-लुट्झचा फरक या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांचं मूळ एकच असू शकतं, पण ते मूळ बीममध्ये असेल असं नाही. बल्ब बदलल्याचं बीमला कळतसुद्धा नाही.

गोंधळ होतो तो ‘सेंटर’ या एका शब्दाखाली आपण बऱ्याच गोष्टी कोंबतो म्हणून. गॅन्ट्री ज्या अक्षाभोवती फिरते तो एक अक्ष, कोलिमेटरचा दुसरा, काउचचा तिसरा. हे तीन एका बिंदूत कधीच मिळत नाहीत. मिळतात एका छोट्या गोळ्याच्या आत, आणि तो गोळा किती छोटा आहे यावर मशीनची प्रत ठरते. त्याशिवाय रेडिएशनचा आयसोसेंटर (सगळ्या कोनांचे बीम जिथे मिळतात तो मध्य), केव्ही इमेजिंगचा (पेशंटची जागा बघायच्या एक्स-रेचा) आयसोसेंटर, लेसर जिथे छेदतात तो बिंदू आणि क्रॉसहेअरची सावली पडते तो बिंदू. पेशंटच्या ट्यूमरवर यांतली एकच गोष्ट परिणाम करते, ती म्हणजे रेडिएशन. बाकी सगळ्या त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या खुणा आहेत. खूण चुकली तर खूण सरकवायची.

आता तुमचे आकडे. बॉलच्या मध्यापासून फील्डचा मध्य किती सरकला, हे बीमच्या नजरेतून तुम्ही दिलंय. आडव्या दिशेत, म्हणजे क्रॉसप्लेनमध्ये: गॅन्ट्री ० ला +०.९, ९० ला +०.३, १८० ला −०.७, २७० ला −०.१. लांबीच्या दिशेत, म्हणजे गन-टार्गेट दिशेत: +०.६, +०.९, +१.२, +०.९. रिपोर्टमधला १.४ हा गॅन्ट्री १८० चा एकत्रित आकडा आहे. मोठ्या अक्षरात छापलेला तो एक आकडा निदानासाठी सगळ्यात निरुपयोगी. आपल्याला हवी आहेत ती रिपोर्टमध्ये त्याखाली असलेल्या तक्त्यातली चिन्हं.

क्रॉसप्लेन आधी घेऊ. बॉल खोलीत एका बाजूला सरकलेला असेल, तर गॅन्ट्री ० वरून तो समजा डावीकडे दिसेल आणि १८० वरून उजवीकडे. चिन्ह उलटतं. याउलट दोष गॅन्ट्रीच्या हेडमध्ये असेल, म्हणजे फोकल स्पॉट (इलेक्ट्रॉन टार्गेटवर आदळून रेडिएशन निघतं तो बिंदू) किंवा जॉ (फील्डची कड ठरवणारा धातूचा ठोकळा) सरकलेला असेल, तर तो दोष गॅन्ट्रीबरोबरच फिरतो आणि दोन्हीकडून त्याच चिन्हाने दिसतो. म्हणून समोरासमोरच्या दोन कोनांच्या आकड्यांची सरासरी काढली की हेडचा वाटा मिळतो, आणि फरकाचं निम्मं केलं की बॉलचा. तुमचे +०.९ आणि −०.७ घ्या: सरासरी ०.१, निम्मा फरक ०.८. दुसरी जोडी +०.३ आणि −०.१: सरासरी पुन्हा ०.१, निम्मा फरक ०.२. दोन्ही जोड्या हेडबद्दल एकच उत्तर देतायत, म्हणजे मोजणी विश्वासार्ह आहे. बॉल बाजूला ०.८ आणि उंचीत ०.२ मिमी चुकीच्या जागी आहे, आणि हेडच्या नावावर जेमतेम ०.१ उरतो.

लांबीच्या दिशेत हा हिशोब चालत नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. गॅन्ट्री त्याच दिशेला असलेल्या अक्षाभोवती फिरते, त्यामुळे बॉल पुढे-मागे सरकलेला असला तरी चारही कोनांवर तो त्याच चिन्हाने दिसतो. फोकल स्पॉट त्या दिशेत सरकला तरीही तसंच दिसतं. गॅन्ट्री कितीही फिरवा, हे दोन दोष त्या चार चित्रांत वेगळे होणार नाहीत. तुमच्या आकड्यांतून एवढंच निघतं की सरासरी ०.९ मिमी स्थिर फरक आहे आणि त्यावर ±०.३ चा सॅग आहे. हेडचं वजन वरच्या आणि खालच्या स्थितीत वेगवेगळ्या दिशेने ओढलं जातं, त्याचा हा परिणाम. ±०.३ मध्ये मला वावगं काही दिसत नाही. कमिशनिंगच्या (मशीन वापरात आणण्याआधीच्या तपासणीच्या) वेळचा आकडा काढून त्याच्याशी ताडून बघा.

चित्र घेणारं पॅनेलही गॅन्ट्रीबरोबर झुकतं, मग मोजणीत ते येत नाही का, असा प्रश्न नवे लोक हमखास विचारतात. येत नाही, कारण बॉलची सावली आणि फील्डची कड एकाच चित्रात असतात आणि आपण एकाची जागा दुसऱ्याच्या तुलनेत मोजतो. या टेस्टची सगळी खुबी तिथेच आहे. लुट्झ, विन्स्टन आणि मालेकी यांनी १९८८ मध्ये ती मांडली तेव्हा फिल्म होती, आज ईपीआयडी (हेच पॅनेल) आहे, तत्त्व तेच.

मग बॉल ०.८ ने चुकला कसा? तुम्ही तो लेसरवर लावला. लेसरची रेषाच साधारण एक मिलिमीटर जाडीची असते, बॉलवरच्या खुणेवर ती डोळ्याने बसवताना दोन-तीन दशांश मिलिमीटर इकडेतिकडे होतात. म्हणून आधी बॉल पूर्ण काढा, पुन्हा शून्यापासून लावा आणि तीच चार चित्रं घ्या. दोन्ही वेळचे आकडे किती जुळतात त्यावरून तुमच्या हाताचा फरक कळेल. पण ०.८ हा हाताच्या फरकापेक्षा मोठा आहे. माझा संशय लेसरवर आहे, आणि त्याहून जास्त लेसर कशावरून जुळवले त्यावर.

‘क्रॉसहेअर लेसरवर बरोबर बसतोय’ हे तुम्ही दिलासा म्हणून लिहिलंय. मला ते उलट खटकलं. क्रॉसहेअर ही सावली आहे. बल्ब हलला की सावली हलते. बल्ब बदलल्यानंतर क्रॉसहेअर लेसरपासून सरकलेला दिसला असेल, आणि कुणीतरी चांगल्या हेतूने लेसर क्रॉसहेअरला जुळवून घेतले असतील, तर तुमचे आकडे नेमके असेच येतील. सर्व्हिस रिपोर्ट बघा, इंजिनीअरला सरळ विचारा. आणि एक सोपी तपासणी करा: क्रॉसहेअर आणि लेसर तुम्ही बहुधा गॅन्ट्री ० लाच पाहिलेत. आता गॅन्ट्री १८० ला न्या, आयसोसेंटरच्या उंचीवर काउचच्या कडेबाहेर पातळ कागद ताणून धरा आणि मधल्या लेसरच्या रेषेपासून क्रॉसहेअर किती दूर पडतो ते बघा. माझा अंदाज बरोबर असेल तर ०.८ च्या दुप्पट, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास फरक दिसायला हवा. ० ला जुळतो आणि १८० ला जुळत नाही, तर लेसर चुकीच्या खुणेवर बांधलेत. १८० लाही जुळला तर माझा हा तर्क सोडून द्या आणि बॉलच्या स्टँडकडे बघा.

तुम्ही म्हणाल, क्रॉसहेअरचा वॉकआउट (कोलिमेटर फिरवताना फुली किती सरकते ते) तर पास झाला होता. होईलच. टीजी-१४२ मध्ये (लिनॅकच्या क्यूएसाठीच्या अमेरिकी अहवालात) त्याची टॉलरन्स, म्हणजे चालणाऱ्या फरकाची मर्यादा, १ मिमी आहे. हा १ मिमी त्रिज्या धरायचा की व्यास, यावर प्रत्येक ठिकाणी वेगळी समजूत असते (तुमची कोणती ते प्रोटोकॉलमध्ये लिहून ठेवा). त्रिज्या धरली तर क्रॉसहेअर जवळजवळ एक मिलिमीटर बाहेर असूनही पास. तेवढा फरक लाइट फील्डला चालतो. पण तोच क्रॉसहेअर संदर्भ मानून लेसर बसवले, की काठावर पास झालेली चूक लेसरमध्ये कायमची उतरते. म्हणून लेसर मी कधीच क्रॉसहेअरवरून जुळवत नाही. विन्स्टन-लुट्झने बॉल रेडिएशनच्या मध्यावर आणतो आणि मग लेसर त्या बॉलवर.

बीम निर्दोष आहे असं मात्र मी अजून म्हटलेलं नाही, कारण तुम्ही कोलिमेटर फक्त ० ला ठेवलात. जॉ किंवा एमएलसी (फील्डला आकार देणाऱ्या पातळ पट्ट्या, म्हणजे लीफ) एका बाजूला सरकलेले असतील तर तो दोष आणि फोकल स्पॉटचा दोष एकमेकांना खाऊन टाकू शकतात, आणि सरासरीत तो सोज्वळ ०.१ दिसू शकतो. गॅन्ट्री ० ला ठेवून, बॉल आणि पॅनेल अजिबात न हलवता, कोलिमेटरच्या ०, ९०, १८० आणि २७० या कोनांवर चित्रं घ्या. जॉचा दोष कोलिमेटरबरोबर फिरतो, म्हणून १८० अंशांनी उलटतो. फोकल स्पॉट कोलिमेटर फिरवून हलत नाही. समोरासमोरच्या कोलिमेटर कोनांची सरासरी घेतली की जॉ बाजूला पडतो. पण त्या सरासरीत अजूनही बॉलची जागा आणि फोकल स्पॉट मिसळलेले असतात. ते सोडवायला दोन उंचींची युक्ती लागते, आणि स्टीअरिंगची मागणी करण्याआधी ही टेस्ट केलेली असावी असा माझा आग्रह आहे.

दिव्यापुढे हात धरून दिवा थोडा हलवला तर सावली उलट्या दिशेला जाते, आणि हात दिव्याच्या जितका जवळ तितकी सावली जास्त पळते. इथे दिवा म्हणजे फोकल स्पॉट. वरचे जॉ स्रोताच्या जवळ असतात, खालचे जॉ दूर; काही मशीनमध्ये एमएलसी सगळ्यात खाली असतो, काहींमध्ये सगळ्यात वर. समजा एक कड स्रोतापासून ३० सेंमीवर आहे आणि दुसरी ५० सेंमीवर. स्रोत ०.३ मिमी सरकला तर १०० सेंमीवरच्या आयसोसेंटरला पहिली कड ०.७ मिमी सरकेल, दुसरी ०.३. दोन्हींमध्ये ०.४ मिमीचा फरक पडला. बॉल कुठेही असो, तो या दोन्हींना सारखाच लागू होतो, म्हणून वजाबाकीत निघून जातो. उरतो तो निव्वळ फोकल स्पॉट.

प्रत्यक्षात असं करायचं: एकच दिशा निवडा, समजा क्रॉसप्लेन. कोलिमेटर ० आणि १८० ला त्या दिशेची कड एमएलसीने बनवा आणि जॉ मागे ठेवा. मग कोलिमेटर ९० आणि २७० ला तीच दिशा वरच्या जॉने बनवा. दोन्ही जोड्यांच्या सरासऱ्या काढून वजा करा. लांबीच्या दिशेसाठी हेच उलट करा. तुमच्या त्या ०.९ मिमीचं कोडं इथे सुटेल: फरक शून्याजवळ आला तर ०.९ बॉलचा, म्हणजे लेसरचा. कडांचं स्रोतापासूनचं अंतर तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमधून घ्या; माझे ३० आणि ५० हे हिशोब दाखवण्यापुरते आहेत. आणि फार बारकाव्यात शिरू नका. पॅनेलचा पिक्सेल साधारण ०.३५ ते ०.४ मिमी असतो, आयसोसेंटरला त्याचे पाव मिलिमीटरच्या आसपास होतात. सॉफ्टवेअर पिक्सेलपेक्षा बारीक मोजतं हे खरं, तरी ०.१ मिमीच्या मागे धावण्यात अर्थ नाही. सॉफ्टवेअरने बॉलचा मध्य नीट पकडलाय का, हे मात्र प्रत्येक चित्र उघडून डोळ्याने बघा. फील्डच्या कडेला बॉलचं धारक अर्धवट दिसत असलं की ते हटकून चुकतं.

फोकल स्पॉटची दिशा पाहणंही महत्त्वाचं. लांबीच्या दिशेत तो थोडा सरकला, तर सगळे कोप्लेनर (काउच न फिरवता दिलेले) बीम एकाच बाजूला सरकतात. लेसर आणि इमेजिंग तिथे नेलं की फरक बव्हंशी पचतो, आणि डोकं वर काढतो तो काउच फिरवल्यावर किंवा जॉ आणि एमएलसी ताडून बघताना. क्रॉसप्लेनमध्ये सरकला तर पचत नाही. समोरासमोरचे बीम बॉलच्या दोन बाजूंनी जातात, आणि लेसर कुठेही नेले तरी सगळ्या बीमना चालेल असा बिंदूच उरत नाही. क्रॉसप्लेनमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या जवळ गेलेला फोकल स्पॉट मी इंजिनीअरसमोर ठेवतो. लांबीच्या दिशेत तेवढाच असेल तर आधी जुने रेकॉर्ड काढतो.

स्टीअरिंगला मी एवढा का बिचकतो? कारण अर्ध्या तासाचं काम इंजिनीअरचं असतं, पुढचे दोन दिवस आपले. इलेक्ट्रॉन टार्गेटवर कुठे आदळतात आणि कोणत्या कोनात आदळतात, या दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या कॉइल्स ठरवतात. जागा बदलली की फ्लॅटनिंग फिल्टरचं (बीम सपाट करणाऱ्या धातूच्या शंकूचं) शिखर बीमच्या मध्यावर राहत नाही आणि सिमेट्री (बीमच्या दोन बाजूंचा सारखेपणा) बिघडते. सिमेट्री कोन बदलून सावरता येते, आणि मग प्रोफाइल छान दिसतो पण स्पॉट चुकीच्या जागीच राहतो. फ्लॅटनिंग फिल्टर नसलेल्या बीममध्ये तर शिखर थोडं सरकतं एवढंच, नजरेत भरत नाही. प्रत्येक एनर्जीचं स्टीअरिंग वेगळं, त्यामुळे ६ एमव्ही जुळवला म्हणून १० एमव्ही जुळला असं होत नाही. स्टीअरिंगला हात लागला की प्रोफाइल बेसलाइनशी ताडायचे, सिमेट्री १ टक्क्याच्या आत आहे का बघायचं, आउटपुट (मशीन देतं तो डोस) मोजायचं, दोन उंचींची टेस्ट आणि विन्स्टन-लुट्झ पुन्हा. यांतलं काही टाळता येत नाही.

लाइट फील्डचं काम त्यामानाने सोपं. नव्या बल्बची फिलामेंट जुन्याच्या जागी बसलेली नाही. आरशात पाहिलं तर ती फोकल स्पॉटच्या जागी दिसायला हवी, तशी नाही. इंजिनीअरला बल्बचं होल्डर जुळवायला सांगा, आधी क्रॉसहेअरचा वॉकआउट कमी करून घ्या, मग लाइट फील्ड रेडिएशनशी ताडा. ताडताना जॉची कड घ्या. गोल टोकाच्या एमएलसी लीफमध्ये प्रकाशाची कड आणि रेडिएशनची ५० टक्क्यांची कड मुळातच थोडी वेगळी असते, तो दोष नव्हे. सिमेट्रिक फील्डला टॉलरन्स २ मिमी किंवा बाजूच्या १ टक्का, असिमेट्रिकला १ मिमी किंवा १ टक्का. म्हणजे तुमचा दोन मिलिमीटरचा फरक सिमेट्रिकमध्ये काठावर आहे, असिमेट्रिकमध्ये बाहेर.

सगळं जुळवल्यावर लेसर हलवाल तेव्हा केव्ही इमेजिंग आणि एमव्ही बीम यांचं जुळणंही तपासा. हे लेसरपेक्षा महत्त्वाचं आहे, कारण कोन बीम सीटी (लिनॅकवरच घेतला जाणारा सीटी) घेऊन लावलेला पेशंट शेवटी लेसरवर राहत नाही, इमेजिंगच्या आयसोसेंटरवर जातो. काउचची चित्रं सगळ्यात शेवटी. काउच फिरवल्यावर बॉल ज्या वर्तुळात फिरतो त्याचा मध्य म्हणजे काउचचा अक्ष. तो रेडिएशनपासून थोडा दूर निघाला तर लेसर त्याच्याकडे ओढू नका. नॉनकोप्लेनर ट्रीटमेंटमध्ये काउच फिरवल्यावर पुन्हा इमेज घ्या.

आता पेशंटचं. बॉल ०.८, ०.२ आणि ०.९ ने हलवला तर तुमच्याच आकड्यांवरून उरणारं कमाल विचलन ०.३ मिमीच्या आसपास येतं. म्हणजे मशीन बहुधा ठीक आहे, पण ते ‘बहुधा’ आजच्या आज काढून टाकता येईल. बॉल या वेळी कोन बीम सीटीने लावा, लेसरकडे बघूच नका, आणि चार चित्रं घ्या. सगळे आकडे १ मिमीच्या आत आले, तर इमेज घेऊन दिल्या जाणाऱ्या ट्रीटमेंट चालू ठेवायला हरकत नाही, एसबीआरटीसुद्धा (छोट्या गाठीवर मोजक्या वेळा मोठा डोस). नुसत्या लेसरवर लावले जाणारे साधे पेशंटही २ मिमीच्या टॉलरन्समध्ये बसतात, पण छोटं फील्ड आणि जवळ नाजूक अवयव असेल तिथे लेसर दुरुस्त होईपर्यंत इमेज घ्या. बॉल इमेजिंगने लावूनही १ मिमीच्या बाहेर गेला तर एसआरएस (मेंदूसाठीची तशीच ट्रीटमेंट) आणि एसबीआरटी थांबवा, दोन उंचींच्या टेस्टची आठही चित्रं (दोन दिशा, प्रत्येकी कोलिमेटरचे चार कोन) त्याच दिवशी घ्या, आणि इंजिनीअर येईल तेव्हा त्याच्या हातात आधी ते आकडे द्या.